गादीच्या पोटात काय आहे?

बाजारातून पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा आणला तरी त्याच्या वेष्टनावर आतल्या घटकद्रव्यांची यादी, अक्षर बारीक का असेना, छापलेली असते. परंतु पंधरा-वीस हजार रुपये मोजून जी गादी आपण घरात आणतो आणि जिच्यावर वर्षानुवर्षे रोजचे सात-आठ तास निजतो, तिच्या पोटात काय भरले आहे, तिचे थर कशाने चिकटवले आहेत, वरच्या कापडावर कोणते द्रव्य फवारले आहे, ह्याचा पुरा तपशील ग्राहकाच्या हाती क्वचितच पडतो. धट्ट्याकट्ट्या माणसाला ह्या अज्ञानाची झळ लागत नाही. ज्याला दमा आहे, ज्याची त्वचा कापडाच्या रंगाने किंवा रबराने फुलून येते, नव्या वस्तूच्या दर्पाने ज्याचे मस्तक ठणकू लागते, अशा माणसाच्या बाबतीत मात्र गादीची निवड ही चैनीची बाब न राहता प्रकृतीची बाब होऊन बसते. अशा माणसासाठी गादी घेताना ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘आरोग्यदायी’ ह्या विशेषणांवर तिळमात्र विसंबू नये. जी उघडून पाहता येते, किंवा जिच्यातील प्रत्येक जिन्नसाचा खुलासा विक्रेता लेखी देऊ शकतो, तीच गादी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ह्या विषयात भीतीचा व्यापारही पुष्कळ चालतो, म्हणून वैद्यकाची बाजू आधी सांगितली पाहिजे. दमा आणि स्पर्शजन्य त्वचादाह ह्या निर्विवादपणे मान्य झालेल्या व्याधी आहेत, आणि त्यांची कारणे चाचणीने शोधता येतात. अनेक प्रकारच्या वासांनी एकाच वेळी ग्लानी, मळमळ, डोकेदुखी असा त्रास होणे, ह्या अवस्थेच्या कारणांविषयी मात्र वैद्यांचे एकमत नाही. मतभेद कारणाविषयी आहे. त्रास भोगणाऱ्याचा त्रास खरा असतो, आणि ‘हे सारे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून घरातल्या माणसांनी त्याला वाऱ्यावर सोडणे हे निष्ठुरपणाचे आहे. तथापि नेमके काय सोसत नाही हे ठाऊक नसताना गादी बदलणे व्यर्थ होय. धुळीतल्या किटाणूंचे वावडे असणाऱ्याला जी गादी मानवते ती रबराचे वावडे असणाऱ्याला मानवेलच असे नाही, आणि कृत्रिम द्रव्यांचा दर्प न सोसणाऱ्याला जी उत्तम ठरते ती पहिल्याला घातक ठरू शकते. सबब त्वचारोगतज्ज्ञाकडून किंवा ॲलर्जीच्या जाणकार डॉक्टरांकडून चाचणी करून घेणे ही पहिली पायरी, आणि दुकान ही दुसरी.

आजच्या बाजारात सर्वांत अधिक खप पॉलियुरेथेन फोमच्या गाद्यांचा आहे. जर्मनीत ऑटो बायर ह्या रसायनशास्त्रज्ञाने 1937 मध्ये ह्या पदार्थाच्या रसायनाचा पाया घातला. ज्या द्रव्यांपासून हा फोम घडतो त्यांपैकी टोल्युइन डायआयसोसायनेट हे द्रव्य कारखान्यातील कामगारांना दमा जडवते, ही गोष्ट व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासात केव्हाच सिद्ध झालेली आहे. परंतु तयार फोममध्ये ते जवळजवळ सारेच रासायनिक क्रियेत खर्ची पडलेले असते, म्हणून कामगाराचा धोका आणि निजणाऱ्याचा धोका एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही. नव्या गादीचे प्लास्टिक फाडताच जो उग्र दर्प नाकात घुसतो तो बव्हंशी उत्प्रेरके, गोंद आणि इतर बाष्पशील द्रव्ये ह्यांचा असतो. गादी दाबून, गुंडाळी करून, हवाबंद पिशवीत घातलेली असेल तर तो अधिकच कोंडलेला असतो. हवेशीर जागी काही दिवस उघडी ठेवली की तो झपाट्याने उतरतो. पण ज्याला त्या दर्पाचे वावडे आहे त्याला त्याची मंद झुळूकही पुरते, आणि अशा माणसाने फोमच्या वाटेस न जावे हेच बरे.

परदेशांतील सल्ले वाचून घाबरणाऱ्यांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेत गादी विकण्यापूर्वी ती उघड्या ज्योतीच्या कसोटीला उतरली पाहिजे, असा नियम 2007 पासून अमलात आहे, आणि त्यामुळे तेथील चर्चा अग्निरोधक द्रव्यांभोवती घुटमळते. ती जशीच्या तशी उचलून आपल्या दुकानदारापुढे मांडण्यात अर्थ नाही; आपण त्याला विचारायचे ते इतकेच की अग्निरोधक, बुरशीरोधक किंवा वाळवीरोधक असे काही ह्या मालात घातले आहे काय, आणि घातले असल्यास कोणते.

काथ्याच्या गादीला आपल्याकडे ‘नैसर्गिक’ म्हणून मोठा मान आहे. एका परिचिताच्या घरी अशी जुनी गादी उसवलेली मी पाहिली. वरची खोळ बाजूस सारताच प्रथम लागला तो पिवळा पडून भुगा होऊ लागलेला फोमचा थर; त्याखाली रबराच्या चिकाने बांधलेली, तपकिरी, कुरळ्या तंतूंची काथ्याची लादी; आणि तिच्याखाली पुन्हा फोम. घेणाऱ्याने काथ्या म्हणून घेतली होती, आणि काथ्या तिच्यात होता हेही खरे. फक्त त्याच्या दोन्ही अंगांना काय आहे हे कोणी सांगितले नव्हते आणि कोणी विचारलेही नव्हते. शिवाय त्या काथ्याला बांधणारा रबराचा चीक गंधक व अन्य द्रव्ये घालून पक्का केलेला असतो. हेच लेटेक्सच्या गादीविषयी. रबराच्या झाडाच्या चिकापासून ती होते म्हणून तिला निसर्गाचे प्रशस्तिपत्र मिळते, पण चीक पक्का करताना वापरली जाणारी काही त्वरके ही त्वचादाहाची सुपरिचित कारणे आहेत, आणि चिकातील प्रथिनांचे वावडे तर रुग्णालयात वर्षानुवर्षे रबरी हातमोजे घातलेल्या परिचारिकांना पुष्कळदा जडते. ज्याला फुग्याने किंवा हातमोज्याने अंगावर गांधी उठतात त्याने ती गादी, मग ती कितीही महाग आणि कितीही प्रमाणित असो, घेऊ नये.

उरते ती आपली कापसाची गादी, आणि तिच्याविषयी मला थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ती हळूहळू आपल्या घरांतून हद्दपार होत चालली आहे. एके काळी दिवाळीच्या आधी पिंजारी दारी येई, अंगणात जुन्या गाद्या उसवून ठेवल्या जात, पिंजणाच्या तातेचा टणत्कार दुपारभर चाले, आणि गठुळे झालेला कापूस पुन्हा फुलून येई. पिंजणाची जागा आता विजेच्या यंत्राने घेतली आहे, तरी तालुक्यातालुक्याला आणि शहरांच्या जुन्या पेठांत गादी भरून देणारी दुकाने अद्याप टिकून आहेत, आणि तेथे असा एक हक्क ग्राहकाला आहे जो झगमगीत दालनात त्याला कधीच मिळणार नाही: कापूस हातात घेऊन पाहण्याचा. मूठभर घ्यावा आणि उजेडात धरावा. पांढुरक्या कापसात निळे, तांबडे, हिरवे तंतू चमकू लागले तर तो चिंध्या फाडून केलेला, रंगांचे आणि कृत्रिम धाग्यांचे मिश्रण असलेला माल समजावा. चिमूटभर तंतू ताटलीत ठेवून, जवळपास दुसरे काही पेट घेणारे नाही ह्याची खातरजमा करून, काडी लावावी. निव्वळ कापूस जळालेल्या कागदासारखा वास देऊन भुरभुरीत राख होतो, पॉलिएस्टर मात्र वितळून त्याचा कठीण मणी बनतो. सरकीतून निघालेला, न रंगवलेला, नवा कापूस घ्यावा. एकेरी गादीस दहा-बारा किलो पुरतो. खोळीसाठी बिनरंगाचा मांजरपाट आणावा, तो गरम पाण्यातून दोन-तीनदा धुऊन त्याची खळ काढावी, आणि मग तो भरायला द्यावा. ही सारी गादी टाक्यांनी बांधली जाते. तिच्यात गोंदाचा थेंबही लागत नाही.

सेंद्रिय कापूस मिळाला तर उत्तम. पण त्याचे खरे कारण निजणाऱ्यापेक्षा पिकवणाऱ्याच्या बाजूने अधिक बळकट आहे. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे ज्याच्या स्मरणात आहे त्याला त्या जादा किमतीचे समर्थन वेगळे सांगावे लागणार नाही.

कापसाच्या गादीचे दोष झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती ओल धरते, कोकणातल्या पावसाळ्यात तिला बुरशीचा वास येऊ शकतो, आणि घरच्या धुळीतील जे सूक्ष्म किटाणू दम्याचे एक प्रमुख कारण असल्याचे 1960 च्या दशकात नेदरलंड्समधील लायडेनच्या संशोधकांनी दाखवून दिले, त्यांनाही ती आवडते. किटाणूंचे वावडे असणाऱ्याने तिच्यावर घट्ट विणीचे, साखळीने बंद होणारे आच्छादन चढवावे, चादरी व अभ्रे दर आठवड्यास साठ अंश तापमानाच्या पाण्यात धुवावेत, आणि गादीला कडक ऊन वरचेवर दाखवावे. पिंजाईच्या वेळी दमेकऱ्याला घराबाहेर पाठवावे. एवढे सायास होणार नसतील, तर किटाणूंचा त्रास असणाऱ्या घरात कापसाचा आग्रह मी धरणार नाही.

ज्यांना तयार मालच घ्यावयाचा आहे त्यांनी प्रमाणपत्रांचा अर्थ समजून घ्यावा. ‘गॉट्स’ हे सेंद्रिय कापडासाठी, ‘गोल्स’ हे सेंद्रिय लेटेक्ससाठी, ‘ओएको-टेक्स’ हे कापडातील अपायकारक द्रव्यांच्या तपासणीसाठी आणि ‘सर्टिपूर’ हे फोमसाठी असते. एका थराचा दाखला संपूर्ण गादीचा दाखला म्हणून पुढे केला जातो. म्हणून तो कशाचा आहे हे विचारावे आणि त्यावरील क्रमांक देणाऱ्या संस्थेकडे पडताळावा. सर्व थरांचे तुकडे नमुन्यादाखल मागून घ्यावेत, झाकणाच्या काचेच्या बरणीत दोन दिवस ठेवून वास पाहावा, आणि ज्याच्यासाठी गादी घ्यावयाची त्याच्या उशाशी ते काही रात्री ठेवून परिणाम पाहावा. आणि दोष गादीच्या माथी मारण्यापूर्वी पलंगाकडेही पाहावे: प्लायवूड व भुशाच्या फळ्या ज्या गोंदाने जोडतात त्यातून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडत राहते, आणि त्या द्रव्याची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत केली आहे.

वस्तूचा दर्जा आणि शुद्धता ह्यांची माहिती मिळण्याचा हक्क 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. गादीच्या प्रत्येक थराचा, गोंदाचा आणि फवारलेल्या द्रव्याचा मजकूर खोळीवर शिवलेल्या पट्टीवर छापणे सरकारने सक्तीचे करावे, आणि 1975 पासून ग्राहकांची बाजू लढवणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी ही मागणी हाती घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तोवर वाचकांनी हा तपशील दुकानदाराकडून पावतीवर लिहून, सहीशिक्क्यानिशी घ्यावा. जो लिहून देण्यास तयार होणार नाही त्याच्याकडून आजारी माणसासाठी गादी घेऊ नये.