एकहाती बॅकहँड इतक्यात मोडीत काढू नका

फेब्रुवारी 2024 मध्ये स्टेफानोस त्सित्सिपास पहिल्या दहांतून बाहेर पडला आणि 1973 मध्ये पुरुषांची टेनिस क्रमवारी सुरू झाल्यापासून प्रथमच तिथे एकहाती बॅकहँडचा खेळाडू उरला नाही. त्यावरून हा फटकाच कालबाह्य ठरवणे घाईचे आहे. टॉपस्पिनने खांद्यापर्यंत उसळणारा चेंडू आणि वेगवान सर्व्हिस परतवताना दुसऱ्या हाताचा आधार मोलाचा असतो, हा आक्षेप खराच. राफेल नदालने रॉजर फेडररला वर्षानुवर्षे तिथेच छळले. पण 2017 च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात फेडररने मोठ्या रॅकेटने, चेंडू उसळत असतानाच फटकावत, त्याच बॅकहँडच्या बळावर नदालला हरवले. स्टॅन वावरिंकाने तर 2015 ची फ्रेंच ओपन, तीही मातीच्या कोर्टवर, नोव्हाक जोकोविचला हरवून जिंकली.

खरी अडचण लहानपणी सुरू होते. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात तेवढी ताकद नसते, दोन हातांनी सामने लवकर जिंकता येतात आणि जडलेली सवय पुढे कुणी मोडत नाही. पीट सॅम्प्रसने ती किशोरवयात मोडली, त्यापायी ज्युनियर सामने गमावले आणि पुढे सात वेळा विम्बल्डन जिंकले. तेवढी उसंत प्रशिक्षकांनी आणि पालकांनी आजच्या मुलांनाही द्यायला हवी.