पोलिसांचे जुने पिस्तूल विकत मिळत नाही



'पोलिसांची जुनी पिस्तुले शेतकऱ्यांना स्वस्तात द्यावीत' हे बारामतीच्या वाचकाचे पत्र वाचले. रात्री उसाला पाणी देणाऱ्याची भीती खरी आहे, पण सुचवलेला उपाय चुकीचा आहे.

अमेरिकेत पोलीस खाती जुनी पिस्तुले विक्रेत्यांना देऊन नवी घेतात आणि ती जुनी पुढे नागरिकांना मिळतात. आपल्याकडे तशी वाट नाही. पोलिसांचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या मनाई असलेल्या मापात, मोडते. ते बेकायदा बाळगल्यास शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ७ ते १४ वर्षांची शिक्षा आहे.

जुने शस्त्र घेण्याचा रस्ता मात्र कायद्यात आहे. घेणाऱ्याकडे आधी परवाना हवा, आणि आपल्या बारामती-इंदापूरच्या ग्रामीण भागात तो जिल्हाधिकारी देतात. विकणाऱ्या परवानाधारकाने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचे आणि ४५ दिवस थांबायचे. हे ४५ दिवस पत्रलेखकाला जाच वाटतात. मला ते अत्यावश्यक वाटतात, कारण शस्त्र कोणाच्या हाती जाते हे पोलिसांना तेवढ्यातच तपासता येते. घेणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे, की परवानाधारकाला शस्त्रे आता तीन नव्हे, दोनच ठेवता येतात.

'खात्यातले आहे, कागद नंतर देतो' असे सांगून कोणी पिस्तूल दाखवले, तर माझ्या तरुण शेतकरी मित्रांनो, पैसे देऊ नका. थेट पोलीस ठाणे गाठा.

एक परवानाधारक शेतकरी,
ता. इंदापूर, जि. पुणे