पिकतं तिथं विकत नाही, म्हणे!

प्रवासाला निघालं की तिथलं काहीतरी खास, पारंपरिक, खारं-तिखट शोधून खायचं ही हौस हल्ली फारच वाढली आहे. वाढू दे. माझी त्याबद्दल काहीच तक्रार नाही. पेढे-बर्फी आता सगळीकडे सारखीच लागते, गावाची ओळख पटते ती तिखटामिठाच्या पदार्थातच, असं माझंही मत आहे. माझं भांडण आहे ते आपल्याच माणसांशी. म्हणजे आपण वऱ्हाडातली मंडळी!

दिवाळीनंतर थंडी पडू लागली की पुण्या-मुंबईच्या भाचरांचे फोन सुरू होतात. "मावशी, शेगावला दर्शनाला येतोय, पुढे अकोला-अमरावतीही करू. तिकडचं खास काय खायचं गं?" हाच प्रश्न मी इथल्या बऱ्याच जणांना विचारून पाहिला. शेजारी, शाळेतले जुने सहकारी, माझे विद्यार्थी (तेही आता पन्नाशीला आलेत!). उत्तर ठरलेलं. "शेगावची कचोरी आणि अमरावतीचा गिला वडा." बरं, आणखी? आणखी काही नाही.... फार तर कोणी तर्री पोहे म्हणतं, कोणी सावजी. अहो, तर्री पोहे नागपूरचे, आणि सावजी रस्सा नागपूरच्या हलबा-कोष्टी समाजाचा. दोन्ही उत्तम. पण वऱ्हाड म्हणजे नागपूर नव्हे! अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम, एवढा हा मुलूख. परीक्षेत कोणी असं लिहिलं असतं तर मी सरळ गुण कापले असते.

आधी कचोरीचंच बोलते, म्हणजे मी तिच्यावर डूख धरून आहे असं कुणाला वाटायला नको. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने १९५०च्या सुमारास शेगाव स्टेशनवर ती विकायला सुरुवात केली. मुंबई-हावडा रेल्वेचा मुख्य मार्ग. गाडी सुटायच्या आत हातात पडेल, खाताना सांडणार नाही, असा गरमागरम पदार्थ. मैद्याची पारी, आत डाळीचं तिखट सारण आणि सोबत तळलेली मिरची. मैदा तर आमच्या रोजच्या स्वयंपाकात नव्हताच. पण आज पाऊणशे वर्षांनी ती कचोरी वऱ्हाडची ‘पारंपरिक’ ओळख झाली आणि तिच्या नावाच्या पाट्या पार पुण्यापर्यंत लागल्या.

मला याचं कौतुकच आहे. घरदार मागे टाकून परक्या मुलखात आलेल्या माणसांनी, आपल्याला जे येत होतं ते न लाजता फलाटावर मांडलं आणि त्याचे पैसे घेतले. प्रवाशांनी खाल्लं, नाव सांगितलं, नाव झालं. मग पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या आपल्याला एवढं का साधलं नाही?

गंमत बघा. ज्यांच्या दर्शनासाठी ही सगळी गर्दी शेगावला उतरते, त्या गजानन महाराजांना प्रकटदिनी घरोघरी नैवेद्य कशाचा दाखवतात? ज्वारीची भाकर, पिठलं, अंबाडीची भाजी, कांदा आणि हिरवी मिरची. म्हणजे वऱ्हाडच्या शेतकऱ्याचं साधं ताट. गाडगेबाबा तर आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. गावभर खराटा फिरवायचा आणि कष्टाच्या बदल्यात भाकर मागून खायची, हा त्यांचा शिरस्ता. संतांना जे चाललं ते आपल्याकडे पाहुण्याला मात्र चालत नाही! पाहुणा दारात आला की पहिला विचार, "भाकर कायले टाकता, पोया करा ना!"

तर मग वऱ्हाडात खारं-तिखट आहे तरी काय? सांगते. पहिली आमची उकडपेंडी. कणीक किंवा ज्वारीचं पीठ खमंग भाजायचं, मोहरी, कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता, हळद यांची फोडणी, वरून आंबट ताकाचा हबका आणि झाकण ठेवून वाफ. पंधरा-वीस मिनिटांचं काम. मोकळी, मऊ, किंचित आंबट. उपम्यापुढे ती कुठेच कमी पडत नाही, पण उपमा हॉटेलात आणि उकडपेंडी घरात, तीसुद्धा पाहुणे गेल्यावर!

दुसरी पातोडी. बेसन घट्ट शिजवून थापायचं, वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्शात सोडायच्या. तिसरी सांबारवडी. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, इडलीबरोबरच्या सांबाराशी तिचा काही संबंध नाही. भरपूर सांबार, खसखस, खोबरं यांचं सारण भरून ती खरपूस तळायची. मग ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, तिच्यासोबत ठेचा आणि कच्चं तेल. हिवाळ्यात कोवळ्या हिरव्या पाल्याचा घोळाणा. ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजवून ओल्या फडक्यावर थापलेले आणि कडक उन्हात वाळवलेले धापोडे. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे रोडगे. जाडसर कणकेचे थर देऊन केलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून त्यावर तूप आणि वरण, बाजूला तिखटजाळ वांग्याची भाजी. नवसाच्या नाही तर शेतातल्या पंक्तीला हा स्वयंपाक बहुतेक पुरुषमंडळीच करतात. (घरी मात्र त्यांना चहासुद्धा करता येत नाही, ते असो!)

आता यातला एक तरी पदार्थ वाटेवरच्या माणसाला सहज विकत मिळतो का, पाहा. २०२२ सालच्या जून महिन्यात अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. अभिमान वाटला. पण त्या रस्त्याने जाताना भूक लागली तर? पनीर, दाल तडका, तंदुरी रोटी. म्हणजे भटिंड्याला असतो तरी हेच खाल्लं असतं. एका ढाब्यावर ‘वऱ्हाडी थाळी’ अशी पाटी वाचून आम्ही मुद्दाम थांबलो. थाळीत पनीरची भाजी, लाल तेलाचा तवंग आलेला रस्सा आणि तंदुरी रोटी. भाकर? "ऑर्डर द्यावी लागंल, अर्धा तास लागंल." आणि गुलाबजाम मात्र न मागता! तिखट तेल ओतलं की झालं वऱ्हाडी, अशी ही समजूत. आमच्या तिखटाला चव असते, नुसती आग नसते, हे इथल्या स्वयंपाक्यालाच कुणी सांगितलेलं नाही.

समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनपासून नागपूर ते मुंबई पूर्ण सुरू झाला. तो आपल्या वऱ्हाडातूनच जातो. त्यावरून गाड्या इतक्या वेगाने जातात की आपण काही ठेवलं नाही तर आपल्याकडे थांबायचं कारणच कुणाला उरणार नाही.

मागच्या लग्नसराईत नात्यातल्या एका लग्नाला गेले होते. चाट, पास्ता, मंचुरियन यांचे काउंटर ओळीने मांडलेले. अगदी कोपऱ्यात ‘गावरान’ अशी पाटी, वर कंदील आणि सुपं टांगलेली, आणि तिथे एक बाई चुलीवर चून-भाकर करत होत्या. बाहेरगावच्या पाहुण्यांची सगळी रांग तिथेच! आणि यजमान मात्र एकेकापाशी जाऊन हळूच सांगत होते, "तिकडे पास्ता पण आहे बरं का." आपलंच अन्न वाढताना आपणच माफी मागायची, याला काय म्हणावं?

तुम्ही म्हणाल, बाई, हे घरगुती पदार्थ, त्यांचा धंदा होत नाही. का होत नाही? इडली काय कारखान्यात जन्मली होती? उडुपीकडच्या लोकांनी घरची इडली देशभर नेली. राजस्थानात गेलं की आपण दालबाटी कौतुकाने, दाम मोजून खातो आणि फोटो पाठवतो. ती आपल्या रोडग्यांची चुलत बहीणच की! इंदूरला सकाळी पोहे खाल्ल्याशिवाय परतलं तर लोक वेड्यात काढतात. पोहे म्हणजे काय दुर्मीळ वस्तू आहे? पण इंदूरकरांना त्याची लाज वाटत नाही, एवढाच काय तो फरक.

आणि आपल्याकडे काय झालं? १९९५ साली आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर केंद्रं काढली. हेतू चांगला होता, पण झुणका-भाकर म्हणजे स्वस्तातलं, गरिबाचं पोटभरू अन्न हा शिक्का त्याने आणखी घट्ट बसला. तीच पिठलं-भाकर आज पुण्याच्या हॉटेलात लोक रांग लावून आणि चांगली किंमत देऊन खातात. म्हणजे गिऱ्हाईक नाही ही सबब खोटी आहे.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो मी टाळणार नाही. माझा एक जुना विद्यार्थी मला म्हणाला, "बाई, आमच्या घरी चटणी-भाकर हौसेने नव्हती. दुसरं काही नव्हतं म्हणून होती. तुम्ही तिचं कौतुक करा, मला मात्र ती पाहिली की मायचे हाल आठवतात." यावर मी एकदम काही बोलू शकले नाही. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलोची भाकर खाऊन दिवस काढणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना ‘गावरान चव’ असं म्हणायची माझी छाती नाही. ज्याला भाकर नकोशी झाली त्याने पोळी खावी, पुलाव खावा, त्याचा तो हक्कच आहे.

पण त्याच्या मायने मूठभर पिठात, पळीभर तेलात चव आणली होती ना? ते तिचं कसब होतं. हातावर पातळ भाकर थापणं, ती तव्यावर न चिरता टम्म फुगवणं हे मैद्याची पारी लाटण्यापेक्षा सोपं काम नाही. त्या हाताला आजपर्यंत कुणी मजुरी दिली नाही. लग्नातल्या त्या कोपऱ्यातल्या बाईंना पास्तावाल्याइतके पैसे मिळाले असतील का, हे मी यजमानांना विचारलं. उत्तर मिळालं नाही. हे पदार्थ विकले जावेत असं मी म्हणते ते एवढ्यासाठी, की ज्यांच्या हातात ते आहेत त्यांना त्याचा मोबदला मिळावा.

शिवाय प्रश्न एकट्या ताटाचा नाही, शेताचाही आहे. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ म्हणायचे ते काळ्या जमिनीतल्या कपाशीमुळे. पण कपाशीच्या जोडीला शेतात ज्वारी असायचीच. माणसाला भाकर आणि जनावराला कडबा. १९६४ साली पहिली संकरित ज्वारी आली, पोती वाढली, पण ‘हायब्रीड’ची भाकर लोकांच्या तोंडाला लागली नाही. मग सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ आले, गोठे रिकामे झाले. उरलीसुरली ज्वारी पाखरं आणि रानडुकरं खातात. आता शेतकऱ्याने ज्वारी पेरावी ती कुणासाठी?

२०२३ साल हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं, आपल्या सरकारने भरडधान्याला ‘श्री अन्न’ असं भारदस्त नाव दिलं. समारंभ झाले, फलक लागले. अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, तेही डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं. पण उपदेशाने आणि फलकांनी ज्वारी वाढत नाही, ती ताटात आली तर वाढते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या भरताच्या वांग्याला मिळालं. तिथल्या लोकांनी आधी स्वतः त्यांचं नाव घेतलं, मग सरकारने घेतलं.

म्हणून माझं सांगणं अगदी साधं आहे. अमरावती-अकोल्याच्या हॉटेलवाल्यांनो, सकाळच्या पाटीवर पोहे आणि आलूबोंड्याच्या खाली एक ओळ उकडपेंडीची लिहा. पहिले आठ दिवस चार बशा गेल्या तरी लिहा. बचत गटाच्या बायांनो, धापोडे आणि सांबारवडी विकताना भाव पाडून मागणाऱ्याला खुशाल नाही म्हणा. प्रवाशांनो, तुम्ही ‘खास काय आहे’ असं मोघम विचारू नका, नाव घेऊन मागा. दहा जणांनी मागितलं तर अकरावीला ते तयार असेल. कचोरी जरूर खा, गिला वडाही खा, त्यांनी स्वतःची जागा कष्टाने मिळवली आहे.

आणि आमच्या नातेवाईक मंडळींना आधीच सांगून ठेवते. या हिवाळ्यात जे येतील त्यांना सकाळी उकडपेंडी, दुपारी कळण्याची भाकर, पातोडीचा रस्सा आणि घोळाणा मिळेल. पोळ्या मागितल्या तर मिळणार नाहीत. गोड हवं असेल तर गूळ आहे.

तुमच्या गावी असं कोणतं खारं-तिखट घराच्या उंबऱ्याआड अडकून पडलंय, ते मात्र जरूर कळवा.