आधी तोडू द्या

2025 च्या जूनअखेर राज्य सरकारला शाळांतल्या त्रिभाषा सूत्राचे शासन निर्णय मागे घ्यावे लागले, ऑगस्टमध्ये ऐन हंगामाच्या तोंडावर कापसावरचं आयातशुल्क उठलं, सप्टेंबरच्या पावसानं मराठवाडा धुऊन नेला. त्यावर या दिवाळी अंकात वाचालच. पण आमच्या डोक्यात वर्षभर घुमत राहिलं ते एकच वाक्य: 'शेतकऱ्यांनो, झाडे लावा.'

पावसाळा आला की वर्धा जिल्ह्यात हे वाक्य फलकांवर उगवतं. 2019 साली तर राज्याचं लक्ष्य 33 कोटी रोपांचं होतं. उपदेश ऐकायचा कुणी? ज्याच्या धुऱ्यावर बाभूळ, कडुनिंब, मोह पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत त्यानं!

देवळी-समुद्रपूरकडचा दोन-तीन एकरांचा कास्तकार पर्यावरणासाठी झाड लावत नाही, तो हिशेब करतो. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, 2023 साली पिवळ्या मोझॅकनं सोयाबीन वाळवलं; धुऱ्यावरच्या सागाला यातलं काही शिवलं नाही. सीताफळाचा पाला जनावरं खात नाहीत, म्हणून ते राखणीविना जगतं. पोरं शहरात गेली, निंदणाला मजूर मिळेना, मग मुरमाड तुकड्यात रोज हात न मागणारं काहीतरी हवं असतं. सरपण घरचं मिळतं, वखराचं लाकूडही. आणि जो लावत नाही, त्याचाही हिशेबच असतो: मक्त्याच्या वावरात सावलीचा तोटा कसणाऱ्याला, लाकूड मालकाला.

घोडं अडतं ते तोडताना. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच आहेत. स्वतःच्या वावरातला साग तोडायला परवानगी, वाहून न्यायला वनखात्याचा पास. पोरीचं लग्न तोंडावर आल्यावर एवढी उसंत कुणाला? मग ठेकेदार 'कागदाचं मी पाहतो' म्हणतो आणि उभं झाड पडत्या भावात नेतो. सूट दिली तर रान उजाड होईल, अशी भीती घातली जाते. खरं तर ज्याला विकता येणार, तो पुढचंही लावतो. ज्याला अडवणार, तो आपसूक उगवलेलं रोपटंच वखराखाली घालतो. उद्याची कटकट नको.

वनाबाहेरच्या बांबूला 2017 मध्ये या जाचातून सोडवलं. बाकी झाडांचं काय? 2014 च्या राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरणानं नियम सोपे करायला सांगितलं होतं. केंद्रानं शेतातल्या वृक्षतोडीचे नमुना नियम काढले ते 2025 च्या जूनमध्ये. अकरा वर्षांनी!

यंदाच्या अंकाचा विषय 'घर' आहे. संबंध ओढूनताणून आणला म्हणा, पण आपल्याकडच्या कितीतरी जुन्या घरांचं आढं कुणाच्या तरी धुऱ्यावरूनच आलेलं आहे. तेव्हा येत्या पावसाळ्यात पुढाऱ्यांनी खड्डे खणू नयेत. तालुक्याच्या ठिकाणी, एकाच खिडकीवर, ठरलेल्या मुदतीत तोडीची परवानगी मिळेल एवढं करावं. रोपं कास्तकार स्वतः आणेल.