घट्ट विणीची स्तुती

‘कथेची वीण घट्ट आहे’ हे वाक्य गेल्या अठरा-वीस वर्षांत आम्ही दोघींनी किती वर्गांत उच्चारले असेल, किती उत्तरपत्रिकांत ते वाचून अर्धा गुण अधिक दिला असेल, याची मोजदाद नाही. मराठी समीक्षेत ‘वीण’, ‘पोत’, ‘धागा’, ‘ताणाबाणा’ हे शब्द इतके रुळले आहेत, की ते कुणाच्या तरी हातातून आले आहेत हेच आपण विसरलो आहोत. गेल्या नोव्हेंबरात द्वितीय वर्षाच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, वीण सैल असली तर काय बिघडतं?” एकात्मता, अनिवार्यता वगैरे जे उत्तर द्यायचे ते आम्ही दिले. तिचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर आमचेही नाही. कारण त्याच आठवड्यात आम्ही जाळीची शाल विणायला घेतली होती आणि घट्टपणाने आमची चांगलीच फजिती केली होती.

बाळंतविड्याची टोपडी आणि मोजे विणण्यापलीकडे आम्हा दोघींची मजल कधी गेली नव्हती. जाळीच्या शालीचे गणित त्याहून वेगळे. लोकर केसासारखी बारीक, शंभर ग्रॅमला सुमारे आठशे मीटर भरणारी. सुया मात्र तिच्या मानाने जाड, कारण टाक्याटाक्यांत हवा राहायला हवी. आमच्यापैकी एकीने जुन्या सवयीने ८५ टाके आवळून घातले. चौदा ओळी विणून झाल्यावर लक्षात आले, की वरची जाळी पसरू पाहते आहे आणि खालची कड तिला पसरू देत नाही. अशी शाल पूर्ण झाल्यावर ओली करून, टाचण्यांनी ताणून वाळवावी लागते. तोवर ती चुरगळलेल्या फडक्यासारखीच दिसते. कडच ताणली गेली नाही, तर नक्षी उघडणार कशी? चौदाही ओळी उसवल्या. विणकामातही ओळीला ओळच म्हणतात, हे त्या रात्री जरा जास्तच बोचले.

आता त्या जाळीकडे पाहू. सुईवर धागा पुढे घेतला की एक भोक पडते आणि एक टाका वाढतो. तो वाढलेला टाका कुठेतरी फेडावा लागतो, म्हणून दोन टाके एकत्र विणून एक करायचा. फेड भोकाला लागूनच केली तर एक आकृती, चार टाके सोडून केली तर मधले टाके तिरके कलतात आणि दुसरीच आकृती. लाटेच्या नक्षीतली लाट ही या उशिरा केलेल्या फेडीतूनच उठते. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयींची मांडणी केली, ती आम्ही दरवर्षी शिकवतो. पण समतोल काही अंतरावरून, काही काळाने साधला जाऊ शकतो आणि त्या मधल्या असमतोलातच आकृतीचे सौंदर्य असते, हे आम्हाला सुईने शिकवले. शालीतली भोके म्हणजे राहून गेलेल्या जागा नव्हेत. प्रत्येक भोक विणावे लागते.

आणखी एक गफलत आपल्या भाषेनेच करून ठेवली आहे. मागावरचे कापडही आपण ‘विणतो’ आणि सुयांवरचा स्वेटरही. वस्तुतः या दोन अगदी निराळ्या रचना आहेत. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांना अडवून धरतात. तिथे घट्ट वीण हा गुण ठरू शकतो. सुयांवर बहुधा एकच धागा स्वतःच्याच फाशांतून पुढे जात राहतो. प्रत्येक टाका खालच्याला धरतो आणि वरच्याची वाट पाहतो. एक टाका निसटला, तर तो शिडीसारखा तळापर्यंत उतरत जातो. समीक्षक ‘ताणाबाणा’ मागाचा घेतात, ‘उसवणे’ सुयांचे घेतात आणि दोन्ही एकाच परिच्छेदात वापरतात. रूपक उसने घ्यावे, त्याला हरकत नाही. पण ज्याचे घेतले त्याचा व्यवहार तरी ठाऊक असावा.

व्यवहाराचाच विषय निघाला आहे, तर शेटलंडकडे वळायला हवे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील या बेटांवर, विशेषतः अन्स्ट बेटावर, एकोणिसाव्या शतकात अशा शाली विणल्या जात, की भलीमोठी चौकोनी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येई. मेंढीच्या मानेवरची मऊ लोकर न कातरता हाताने उपटून घेत, घरीच कातत. नक्ष्या बहुतांशी स्मरणात असत: पक्ष्याचा डोळा, मांजराचे पाऊल, नाल, लाटेचा ठसा. पाठीवर इंधनाच्या मातीची टोपली घेऊन चालताना विणणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. १८७२ साली मजुरीच्या बदल्यात माल देण्याच्या पद्धतीची सरकारी चौकशी झाली, तेव्हा लर्विक इथे अनेक विणकर स्त्रियांनी साक्षी दिल्या. शालीच्या मोबदल्यात रोख पैसा क्वचित मिळे. मिळे तो दुकानातला चहा नाहीतर कापड. चुलीवर शिजवायचे पीठ हवे असले, तर तोच चहा कुणाला तरी देऊन ते मिळवायचे. या साक्षी प्रश्नोत्तरांच्या रूपात छापल्या गेल्या आहेत. स्त्रियांच्या आत्मकथनांवर आपण इतके बोलतो. ही अधिकाऱ्यापुढची तुटक, सावध उत्तरेही त्या अभ्यासात वाचावीत, असे आमचे मत आहे.

आम्हाला वाटते, समीक्षेनेही त्या दुकानदारांसारखेच केले आहे. बायकांच्या हातातला शब्द घेतला आणि मोबदल्यात मासिकाच्या मागच्या बाजूला विणकामाचे एक पान दिले. पुढच्या पानांवर ‘वीण’ ही संकल्पना, मागच्या पानावर ‘पहिली ओळ सर्व सुलट’. या मागच्या पानावरचे गद्य काटेकोर असते, एक शब्द चुकला तर शाल चुकते. आमच्या समीक्षालेखांविषयी असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

असो. दुसऱ्यांदा टाके घातले, या वेळी दोन सुया एकत्र धरून, सैल. दर सोळा ओळींनंतर सगळ्या टाक्यांतून एक रंगीत दोरा ओवून ठेवतो. पुढे चुकले तर तिथवरच उसवावे लागते. काल तिसऱ्या दोऱ्याच्या वर, सातव्या ओळीत, एक जाळी राहून गेल्याचे दिसले. एकीचे म्हणणे, राहू द्यावी, लाटेत कुणाला कळते? दुसरीचे म्हणणे, आपल्याला कळले आहे. शाल सध्या टेबलावर आहे आणि सुईला अजून कुणी हात लावलेला नाही.