सवलत आहे, गाडी कुठे आहे?

सवलतींनी एसटी बुडवली, असं आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. फेब्रुवारी 2025 मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी सवलतींपायी महामंडळाला रोज 3 कोटींचा तोटा होतो, असं सांगितलं. त्यांचा रोख महिला आणि ज्येष्ठांच्या सवलतीकडे होता. पण ऐकणारा दिव्यांगाचं 75 टक्के सवलतीचं तिकीटही त्याच यादीत धरतो.

हा हिशेबच चुकीचा आहे. सवलत सरकारने जाहीर केलेली असते आणि तिची प्रतिपूर्तीही सरकारनेच करायची असते. ते एसटीचं येणं आहे. ते थकलं तर दोष थकवणाऱ्याचा. काठी टेकत गाडीत चढलेल्या प्रवाशाचा कसा? एप्रिल 2025 मध्ये शासनाकडून निधी अपुरा आला आणि एसटी कर्मचाऱ्यांच्या हाती 56 टक्केच पगार पडला. पगाराची ही गत, तर डिझेल आणि सुट्या भागांचं काय होणार? गाड्या आगारात उभ्या राहतात आणि पहिली कात्री लागते ती कमी भारमानाच्या फेरीला. आमच्या खानदेशात जळगाव-धुळे गाडी टिकते. यावल-चोपड्याकडच्या पाड्यांची, साक्रीच्या पश्चिम पट्ट्याची मुक्कामी गाडी बंद होते. धडधाकट माणूस काळी-पिवळीच्या मागे लटकून तालुका गाठेल. पायाला कॅलिपर असलेल्याने काय करायचं? तिथे सवलत नाही, आणि व्हीलचेअर टपावर टाकायची तर तिचं भाडं वेगळं.

दुसरा आक्षेप असा की, असे प्रवासी चढतातच किती? गाडीची पहिली पायरी जमिनीपासून जवळजवळ गुडघ्याइतकी उंच. दोन्ही हातांनी दांडी धरायची तर कुबडी कोणाकडे द्यायची, इथपासून अडचण. मागे रेटारेटी सुरू असते, घंटी वाजलेली असते. ज्याला हे जमत नाही तो घरीच राहतो आणि घरी राहिलेला माणूस भारमानात मोजला जात नाही. गाडीच अशी ठेवायची आणि मग प्रवासी नाहीत म्हणायचं, हा युक्तिवाद मला संतापजनक वाटतो. शिवाय सवलतीसाठी 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते काढायला खेड्यातल्या अनेकांना जळगाव किंवा धुळे गाठावं लागतं, आणि त्या प्रवासाला दिव्यांगांची सवलत नसते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 41 सुगम वाहतूक बंधनकारक करतं. त्यात ‘आर्थिकदृष्ट्या परवडेल तेथे’ अशी सूट आहे खरी, पण ती जुन्या गाड्यांत बदल करण्यापुरती. महामंडळाने नव्या 2,640 गाड्या मागवल्या, त्यांना ही पळवाट कशी लागू होईल?

जून 2025 च्या श्वेतपत्रिकेत एसटीचा संचित तोटा 10 हजार कोटींवर दाखवला आहे. तो खरा आहे, म्हणूनच सवलतीची रक्कम मागाहून न देता तिमाहीच्या सुरुवातीला आगाऊ द्यावी. दिव्यांगांचं येणंजाणं असलेल्या फेऱ्यांना भारमानाची अट लावू नये. त्यांची तूट शासनाने वेगळ्या तरतुदीतून भरावी. आणि खानदेशातल्या प्रत्येक आगाराला खालच्या पायरीची, रॅम्पची निदान एक तरी गाडी द्यावी, तीही जिल्हा रुग्णालयाच्या वेळेला पोहोचणाऱ्या सकाळच्या फेरीवर.