मत कुणाला... आणि कशासाठी?

आपल्या मेसमध्ये निवडणुकीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "सोड रे, सगळे सारखेच!" आणि दुसरं, "गावाकडचे लोक काय, चिन्ह बघतात आणि बटण दाबतात." पहिलं म्हणणारे आळशी असतात, त्यांचं ठीक आहे. दुसरं म्हणणाऱ्यांशी मला भांडायचं आहे.

मी बारामती तालुक्यातल्या वडगाव निंबाळकरची. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझे ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाला तपासावे लागतात (सॉरी!). पण माझं पहिलं मत मी गावच्या केंद्रावर दिलं, 7 मे 2024 ला. आणि त्या वेळी "चिन्ह बघून बटण दाबणं" आमच्याकडे कुणालाच शक्य नव्हतं!

का ते सांगते. 1999 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस निघाली तेव्हापासून आमच्या भागात घड्याळ म्हणजे पवारसाहेब आणि पवारसाहेब म्हणजे घड्याळ. जुलै 2023 मध्ये पक्ष फुटला. 6 फेब्रुवारी 2024 ला निवडणूक आयोगानं पक्षाचं नाव आणि घड्याळ अजित पवारांच्या गटाला दिलं. साहेबांच्या गटाला मिळाला 'तुतारी वाजवणारा माणूस'. उमेदवार कोण? तुतारीवर सुप्रिया सुळे, घड्याळावर सुनेत्रा पवार. नणंद-भावजय! आमची आजी पंचवीस वर्षं डोळे झाकून घड्याळावर शिक्का मारत, नंतर बटण दाबत आलेली. ती म्हणाली, "बाई, आता डोकं लावावं लागंल."

त्यात एकूण उमेदवार 38. मतदान यंत्राच्या एका युनिटवर 16 बटणं असतात. 38 अधिक नोटा म्हणजे 39, म्हणजे प्रत्येक केंद्रावर तीन युनिट्स. शिवाय एका अपक्षाला नुसतीच 'तुतारी' मिळालेली, जिला लोक पिपाणी म्हणायचे. त्या पिपाणीला आमच्याकडे सुमारे 15 हजार मतं पडली. साताऱ्यात तर पिपाणीनं 37 हजार घेतली आणि तुतारीचे शशिकांत शिंदे 32 हजारांनी पडले. म्हणजे चिन्हाचा घोळ झालाच नाही असं मी म्हणत नाही. पण बारामतीत सात लाखांवर लोकांनी तीन युनिट्समधून तुतारीवाला माणूस बरोबर शोधून काढला आणि पावणेसहा लाखांच्या आसपास लोकांनी घड्याळ. कुणी ठरवल्याशिवाय हे होतं का?

ठरवलं कसं, ते जास्त इंटरेस्टिंग आहे. त्या महिन्यात आमच्याकडे पारावर, चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या पायरीवर नुसती चर्चा. टीव्हीवाले विचारत होते, "साहेब की दादा?" आणि लोक बोलत होते ऊस, कांदा, पाणी, रस्ता. ऐकताना लक्षात यायचं की लोक नकळत एक चाळणी लावतायत. कांद्याची निर्यातबंदी कुणी घातली? केंद्रानं, डिसेंबर 2023 मध्ये. उठवली कधी? 4 मे 2024 ला, म्हणजे आमच्या मतदानाला तीन दिवस उरले असताना! उसाची एफआरपी कोण ठरवतं? केंद्र. उसाच्या रसापासून इथेनॉल करायला डिसेंबर 2023 मध्ये कुणी आडकाठी केली? तेही केंद्रानंच. हे सगळं लोकसभेचं. आणि नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन, गावाला येणारा रस्ता, जळालेला डीपी, पोराची बदली? त्यासाठी मुंबईत माणूस लागतो, दिल्लीत नाही. "लोकसभेला ताई, विधानसभेला दादा," असं तेव्हाच उघड बोललं जायचं.

निकाल बघा. सुप्रिया सुळे 1,58,333 मतांनी निवडून आल्या. त्यात एकट्या बारामती विधानसभा क्षेत्रातून त्यांना सुमारे 48 हजारांची आघाडी. मग साडेसहा महिन्यांनी, 20 नोव्हेंबरला, विधानसभा. त्याच बारामतीतून, त्याच मतदारांनी अजित पवारांना पुतण्या युगेंद्र पवार यांच्याविरुद्ध एक लाखाहून जास्त मतांनी निवडून दिलं. हॉस्टेलवर याला "लोक पलटी मारतात" म्हणतात. मला वाटतं, लोकांनी दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं दिली. आपण पेपरमध्ये तेच करतो ना? क्यू वनचं उत्तर क्यू टूला लिहून चालतं का?

आता खरं तेही लिहायला पाहिजे. सगळेच काही इतका विचार करून गेले नाहीत. कुणाला साहेबांच्या वयाचं वाईट वाटलं, कुणाचं कारखान्यात काम अडलेलं होतं, कुणाच्या घरात चुलत्यानं सांगितलं तेच झालं. आणि 38 जण उभे असून खरी लढत एकाच घरातल्या दोघींत, हे मला तरी अभिमानानं सांगण्यासारखं वाटत नाही. बारामती म्हणजे कायम एकच घर, हेही पूर्ण खरं नाही म्हणा. आमच्या शेजारच्या निंबुतचे संभाजीराव काकडे 1977 ला आणि पुन्हा 1985 च्या पोटनिवडणुकीत इथूनच खासदार झाले होते. पण ते आमच्या पिढीला कुणी सांगत नाही.

मग माझ्यासारखीनं ठरवायचं कसं? 'चांगला उमेदवार बघा' हा सल्ला सगळे देतात. पण 1985 पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षानं व्हिप काढला की खासदाराला तसंच मत द्यावं लागतं, नाहीतर खासदारकी जाऊ शकते. म्हणजे माणूस कितीही हुशार असला तरी सभागृहात बटण पक्षाचंच. मग पक्ष बघावा? पण महाराष्ट्रात 2022 ला शिवसेना फुटली, 2023 ला राष्ट्रवादी. आपण ज्या पक्षाला मत दिलं तो तिथंच राहील याची गॅरंटी कोण देणार? म्हणून मी दोन्ही बघते: पक्ष दिल्लीत कुणाबरोबर बसणार, आणि हा माणूस आपण बसवू तिथं बसतो का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जाहीरनाम्यात मिळत नाही, गेल्या दहा वर्षांच्या पेपरांत मिळतं.

'मत वाया घालवू नका' याचाही मला राग येतो. 2019 ला नांदेडमध्ये अशोक चव्हाण 40 हजारांनी पडले आणि वंचितच्या उमेदवाराला 1 लाख 66 हजार मतं होती. लगेच बोंब, "वंचितनं मतं खाल्ली!" अहो, ती मतं कुणाच्या शेतातली होती? ती त्या 1 लाख 66 हजार लोकांचीच होती. पण ज्याला पहिल्या दोघांतला एक अजिबातच नको आहे, त्यानं तिसऱ्याला मत देताना हा हिशोब घरून करून निघावा. मला स्वतःला पहिल्या दोघांत फरक दिसत असेल तर मी त्या दोघांतूनच निवडेन. दिसत नसेल तर तिसरा, मग कुणी काहीही म्हणो.

आणि हॉस्टेलवाल्यांना याआधी आणखी एक गोष्ट ठरवायची असते, ती म्हणजे मत कुठं द्यायचं. नियमानं आपण गावच्या यादीत राहू शकतो, किंवा कॉलेजचा दाखला जोडून फॉर्म 6 भरून हॉस्टेलच्या पत्त्यावर नाव घालू शकतो. दोन्हीकडे नाही. माझ्या रूममेटनं नाव इथं आणलंय, तिचं गाव जळगावकडे, एका मतासाठी जाणं-येणं परवडत नाही. मी माझं वडगावातच ठेवलंय. आमच्या घरी उसाचं बिल येतं. इथं मला फक्त मेसचं येतं.

अडचण एकच, परीक्षा! 2024 ला बारामतीचं मतदान 7 मे ला होतं आणि पुण्याचं 13 मे ला. मे म्हणजे आपले पेपर. मतदानाच्या दिवशी सुट्टी असते हो, पण आदल्या दिवशी संध्याकाळी पेपर असला तर स्वारगेटहून नीरामार्गे एसटी पकडून कोण कधी पोहोचणार आणि परत कधी येणार? 2029 ला मी इथं नसेन, पण ज्युनिअर्स असतील. मतदानाच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी पेपर ठेवू नयेत, असं निवेदन विद्यार्थी मंडळानं परीक्षा विभागाला आत्तापासून द्यावं. ड्राफ्ट मी लिहून देते, फक्त ऱ्हस्व-दीर्घ कुणीतरी बघा!